तवंगाचा वाटा

वहिनीचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं. दुसऱ्याचं बारसं झालं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या आणि त्या थंडीत तेही गेलं. दोन्ही मुलगे होते. दोन्ही इतके बारके, की आई त्यांना न्हाऊ घालायलाच भ्यायची. अंगावरची कातडी म्हाताऱ्या माणसासारखी सुरकुतलेली. रडायचे तेसुद्धा मांजराच्या पिलासारखं, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही एवढंच.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. घरात खायला नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. कोथिंबीर होती, मेथी होती, हंगामात काकडी आणि शेवंती होती, गोठ्यात दोन म्हशी होत्या. पण भाजी मार्केटात जायची, दूध शहरात जायचं, तूप ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे जायचं. जे कुठेच जात नव्हतं ते आम्ही खायचो. तेल, मीठ, साखर विकत आणायची, म्हणून आई ती जपून वापरायची. ज्या वर्षी भाव पडे त्या वर्षी तेल आणखी जपून.

दुसरं बाळ गेल्यावर घरात कुजबुज सुरू झाली. माझी चुलती तर उघडच बोलायची. "सुनंदाची कूसच हलकी हाय. भाऊसाठी दुसरी बघा, अजून वय गेलं नाय त्याचं." भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, उठून पाण्याची बारी बघायला निघून जायचा. वहिनी जुड्या बांधत बसलेली असायची. तिचे हात थांबायचे नाहीत, पण मान आणखी खाली जायची. अशात तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. पेढे कुणी वाटले नाहीत. देवाला नारळसुद्धा आईने चोरून फोडला. हे मूल गेलं तर वहिनीला माहेरी धाडायचं, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. गृहविज्ञानाला प्रवेश मिळाला तो आबांच्या, म्हणजे वडिलांच्या एका गैरसमजामुळे. तिथे स्वयंपाक शिकवतात, मग पोरगी वाया जाणार नाही, असं त्यांना वाटलं. चुलता म्हणाला, "कालवण शिकायला सायकल मारत कॉलेजात? घरी आई हाय की फुकट शिकवायला!" मी गेले. आणि तिथे आम्हाला आहारशास्त्र शिकवायला अहिरेबाई होत्या.

बाई बागलाणातल्या, सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. अंगाने चांगल्या भरलेल्या, आवाज त्याहून भरलेला. लुनावरून यायच्या तेव्हा लुना दिसायचीच नाही, फक्त बाई आणि मागे उडणारा पदर दिसायचा. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची आमची हिंमत नव्हती. वर्गात शुद्ध मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा जीव कळवळला की अहिराणीवर यायच्या. आम्हा मुलींना त्यामुळे एक कळायचं. बाई शुद्ध बोलत आहेत तोवर भिण्याचं कारण नाही.

त्यांना प्रत्येक खाण्याच्या वस्तूचा वास घ्यायची सवय होती. डबा कुणाचाही असो, आधी नाक. शेंगदाणा तोंडात टाकण्याआधी तो मोडून हुंगायच्या. एकदा प्राचार्यांच्या घरच्या सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन हुंगला आणि भर मांडवात म्हणाल्या, "तूप खवट आहे हो." प्राचार्य पुढे कितीतरी दिवस बाईंशी बोलत नव्हते. बाईंना त्याचं काहीच नव्हतं. "न बोलता पगारपत्रकावर सही करतात ना? मग झालं."

शिकवताना त्यांचा एक ठेका होता. पुस्तकात आम्ही गरोदर बाईचा आहार पाठ करायचो. सकाळी दूध, लोणी लावलेली पोळी, फळ, असलं काहीतरी. बाई ते सगळं म्हणून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "हे कुणाच्या घरचं? त्या घरी मला जेवायला न्या." वर्ग हसायचा. मग गंभीर होऊन म्हणायच्या, "घरात काय शिजलं ते मला सांगू नका. कुणाच्या पोटात गेलं ते सांगा."

त्या दिवशी धडा होता स्निग्ध पदार्थांचा. पोटातल्या बाळाचा मेंदू शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढतो, जन्मल्यावर दोन वर्षं वाढतच राहतो. त्याच्या घडणीत स्निग्धाचा वाटा फार मोठा असतो, डोळ्यांच्या पडद्याला तेच लागतं, नसांवरचं वेष्टणही बरंचसं त्याचंच. हे आईच्या जेवणातून आणि आईच्या दुधातून जायचं. मी मन लावून लिहून घेत होते. बाई माझ्याजवळ थांबल्या.

"मंगल, तुझी वहिनी गरोदर आहे म्हणालीस ना? काल काय जेवली?"

"वांग्याचं कालवण, भाकरी."

"हे शिजलं. तिच्या ताटात काय पडलं?"

मला सांगता येईना. मी पहिल्या पंगतीला आबा, भाऊ यांच्याबरोबर जेवून पुस्तक घेऊन बसत असे. शिकणारी पोर म्हणून मला तो मान मिळालेला होता. आई आणि वहिनी मागून जेवत.

"आधीची मुलं?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. बाईंनी खडू ठेवला. "रविवारी तुझ्याकडे जेवायला येते," म्हणाल्या. आमंत्रण वगैरे त्यांच्या पद्धतीत नव्हतं.

कॉलेजातली बाई घरी येणार म्हटल्यावर आईने ओटा दोनदा सारवला. आईच्या हातचा रस्सा आमच्या भावकीत प्रसिद्ध होता. लाल तवंग पातेल्यावर असा तरंगायचा की बघूनच तोंडाला पाणी सुटावं. आणि वाढायची तिची एक हातोटी होती. पळी आडवी धरायची, हलकेच फिरवायची आणि तवंग तेवढा वरच्यावर उचलून पुरुषांच्या ताटात सोडायचा. "मळ्यात राबणाऱ्याच्या पुढं पांढरं कालवण ठेवायचं नसतं," असं ती म्हणायची. आमच्याकडे कधी कुणा पुरुषाने फिका रस्सा खाल्ला नाही, याचा तिला अभिमान होता.

तिने बाईंचं पान आबांच्या शेजारी मांडलं. बाई म्हणाल्या, "मी सुनंदाबरोबर बसणार."

"अवो, ती मागून जेवती."

"मग मीही मागून."

"पाव्हण्या माणसानं मागून जेवायचं व्हय? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठे आहेत? मळ्यात तर तुमच्या म्हशीच आहेत."

पुरुष जेवून उठले. मग चुलीपुढे आई, वहिनी आणि बाई बसल्या. मी वाढत होते. बाईंनी भाकरीचा घास रश्शात बुडवला, तोंडात घातला, मग दोन बोटं एकमेकांवर चोळून बघितली.  माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंगल, रद्दी पेपर आहे का घरात?"

मला लगेच कळलं. प्रयोगशाळेत आम्ही हेच करायचो. पदार्थात स्निग्ध आहे की नाही ते बघायला कागदावर थेंब चोळायचा, वाळू द्यायचा आणि उजेडाकडे धरायचा. बाईंनी कागदाचा एक तुकडा फाडून वहिनीच्या वाटीतला थेंब त्यावर चोळला. दुसऱ्या तुकड्यावर आबांच्या अजून न उचललेल्या ताटातला. दोन्ही तुकडे त्यांनी चुलीच्या कडेला वाळायला ठेवले आणि निवांत जेवू लागल्या. आईच्या जवसाच्या चटणीची तारीफ केली, दुसऱ्यांदा मागून घेतली. आई खुलली.

जेवण झाल्यावर बाईंनी दोन्ही तुकडे हातात घेतले आणि दारातल्या उन्हासमोर धरले. आबांच्या ताटातल्या कागदावर मोठा डाग पडला होता आणि त्यातून ऊन आरपार येत होतं. वहिनीच्या वाटीतला कागद मसाल्याने नुसता पिवळा झालेला. त्यातून काही दिसत नव्हतं.

"पातेलं एकच ना?" बाई म्हणाल्या.

आई कागदाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "म्हंजे? मी सुनंला उपाशी मारते म्हंता का तुम्ही?"

"मी असं म्हटलं नाही."

"दुसऱ्याच्या घरी जेवून त्याच्याच कालवणाचं पंचनामं करायचं, हे शिकिवतात का कालेजात?"

वहिनी घाबरून उठायला लागली. बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मला वाटलं आता बाई चिडणार. पण बाईंनी उलट विचारलं, "आक्का, हिला तूप का देत नाही? दोन म्हशी आहेत. तूप विकलं तरी एक चमचा निघतो. तुम्ही काही कंजूष दिसत नाही. मला चार वेळा वाढायला लावलंत."

  आई चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत म्हणाली, "माझी धाकली बहीण बाळंतपणात अडून गेली. बापानं लाडानं तूप-लोणी चारलं व्हतं. पोर मोठं झालं. दोन दिस वरडत व्हती. पोर बी गेलं, ती बी गेली. मी उशाला व्हते. तवाच ठरवलं, माझ्या घरात पोटुशीला जड खाऊ घालायचं नाय. पोट हलकं ऱ्हायलं तर बाई सुटंल."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मावशी तरुणपणीच वारली एवढंच मला माहीत होतं. वहिनीनेही मान वर करून आईकडे बघितलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, सासू आपल्याला घास मोजून देते. आई तर तिचा जीव वाचवत होती.

बाई पुढे सरकल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "मनी माय बी अशीच घाबरे." त्यांची आईही अशीच घाबरायची. मग सावकाश, आईला समजेल असं बोलल्या. "तुमची बहीण कशाने अडली ते मला सांगता येणार नाही, मी तिथे नव्हते. पण हिचं बाळंतपण घरी करायचं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाई आधीपासून तपासतील. अडलं तर त्यांच्याकडे उपाय आहे, तेव्हा तुमच्याकडे नव्हता. मोठ्या बाळाचं भय तुम्ही एकदा पाहिलंत, आक्का. लहान बाळाचं दोनदा पाहिलंत."

आईने पदर तोंडाला लावला.

बाईंनी मागितलं ते अगदी थोडं. तेल जास्त घाला असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "वाढायच्या आधी पातेलं खालपासून ढवळा. एवढंच करा. वरचं खाली जाऊ द्या. आणि मूठभर शेंगदाणे, वाटीभर सायीसकट दूध. ही तुमची जवसाची चटणी भाकरीबरोबर थोडी. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं असतं, मेंदूला हवं ते स्निग्ध माशांत असतं. तुमच्यात मासे नाहीत. जवस काही त्याची पूर्ण जागा घेत नाही, पण हाताशी आहे ते तरी पोटात जाऊ द्या. आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या चुलीत टाकायच्या नाहीत." शेवटचं वाक्य वहिनीकडे बघून होतं. वहिनी लाजली, म्हणजे टाकत होती.

त्या संध्याकाळी आईने पातेलं ढवळलं. चुलता जेवायला होता. ताटाकडे बघून म्हणाला, "कालवण आजारी हाय का आज?"  आबा म्हणाले, "जेव की गुमान. तोंड काय बघतो कालवणाचं." भाऊ तर मान खाली घालून जेवला. पण दुसऱ्या दिवसापासून मार्केटातून येताना त्याच्या खिशात शेंगदाण्यांची पुडी असायची. ती तो वहिनीच्या हातात देत नसे, आमच्यात तशी रीत नव्हती. जुड्या बांधायच्या सुतळीच्या टोपलीत टाकून पुढे जायचा.

दवाखान्यात मुलगी झाली. रीतसर, न अडता. पावणेतीन किलोची. चुलती नाक मुरडून म्हणाली, "एवढं तूप ओतून पोरगीच? आणि जिला लेकरू नाय ती बाई शिकिवती आम्हाला पोरं कशी वाढवायची." आईने बाळाला हातावर तोललं. न्हाऊ घालायला न भ्यालेली ती पहिलीच वेळ. "पोरगी का पोरगा, ते मागाहून," ती म्हणाली. "हाताला जड लागती. गप बस."

मुलीचं नाव मुक्ता ठेवलं. बाईंना बारशाला बोलावलं. कुणीतरी त्यांचे पाय धरायला लागलं तर बाई ओरडल्याच. "श्रेय मला नको आणि तेलालाही नको. दवाखाना होता, गोळ्या होत्या, तिने दुपारी अंग टेकलं. मी फक्त कालवण ढवळायला सांगितलं."

पण गोष्ट तिथे संपली असती तर बाई अहिरेबाई कसल्या? महिना-दीड महिन्याने मुक्ताचं वजन अडलं. वाढेचना. आईच्या डोळ्यांत पुन्हा जुनं भय आलं. मी कॉलेजात बाईंना सांगितलं आणि त्या दुपारीच लुना आमच्या बांधावर आली. वहिनी शेवंती तोडत होती, शेजारी मुक्ता. मुक्ता रडली की वहिनी तिला जवळ घेई, घोट-दोन घोट पाजून दुसऱ्या अंगाला लावी, तिथेही तेवढंच, की पुन्हा फुलांकडे. मार्केटची गाडी सुटायच्या आत पाट्या भरायच्या असत. बाई झाडाखाली बसून हे नुसतं बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "हिलाही तवंगाखालचंच पाजतेस का गं?"

वहिनीला काही कळेना.

"पातेल्यात स्निग्ध वर येतं. आधी वाढून घेणाऱ्याला मिळतं. आईच्या दुधात उलटं आहे, सुनंदा. आधी येतं ते पातळ, तहान भागवणारं. दाट येतं ते मागून. जो थांबून पितो त्याला मिळतं. देवानं एवढी एकच पंगत मागून जेवणाऱ्याच्या सोयीची केली आहे, आणि तिथून तू पोरीला अर्धवट उठवतेस. एका अंगाला पुरतं पिऊ दे. ती आपणहून सोडेल तेव्हा दुसरीकडे घे."

"पण फुलं..." वहिनी म्हणाली.

"फुलं मी तोडते."

आणि बाईंनी खरंच पदर खोचला. त्यांना शेवंती काही तोडता येत नव्हती, देठ आखूड ठेवत होत्या, भाऊ बांधावरून बघून कळवळत होता. पण बोलायची छाती कुणाला? तेव्हापासून आईने पाजायच्या वेळी वहिनीला फुलांवरून उठवायचा नियम केला. चुलती बोललीच. आई म्हणाली, "तू तोड मग. हात हायेत ना तुला?" मुक्ताचं वजन पुन्हा वाढायला लागलं.

बाईंचं हे सगळं फक्त मळ्यातल्या लोकांपुरतं होतं असं नाही. त्या काळी टीव्हीवर आणि पेपरात चरबीची भीती नुकतीच पसरायला लागली होती. आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्कना हृदयविकाराचा झटका आला, बायपास झालं. त्यांची सून शिकलेली, शिस्तीची. तिने साऱ्या घराचंच तेलतूप बंद केलं. दुधावरची साय काढून टाकायची, भाज्या उकडायच्या. वर्षाचा नातूही त्यात आला. क्लार्क अभिमानाने हे स्टाफरूममध्ये सांगत होते. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "बायपास आजोबांचं आणि पथ्य नातवाला? तुमच्या धमन्यांना जे नको तेच त्याच्या मेंदूला हवंय हो! त्याला सायीसकट द्या. तुमचा वाटाही त्यालाच द्या, म्हणजे हिशेब जुळेल." क्लार्क हसले. पण घरी जाऊन सांगितलं असणार, कारण पुढे ती सून नातवाला कडेवर घेऊन बाईंना भेटायला आली होती.

मुक्ता वर्षाची झाली तेव्हाची गोष्ट मात्र मी कधी विसरणार नाही.

आईच्या मनात होतं, बाईंना काहीतरी द्यायचं. साडी बाई घेणार नाहीत हे मी सांगितलं होतं. मग एक दिवस आईने माझ्या हाती कडीचा डबा दिला. घरचं कणीदार तूप, वर केळीचं पान बांधलेलं. "बाईंना दे. म्हणावं, माळ्याच्या घरचा मान हाय."

स्टाफरूममध्ये बाईंनी डबा उघडला, अर्थातच हुंगला. डोळे मिटले. "माय वं," म्हणाल्या. टेबलावरच्या चमच्याने एक चमचा तूप सरळ तोंडात टाकला. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण डॉक्टरांनी त्यांचं तूप त्या वर्षीच बंद केलं होतं.

"कुठल्या दुधाचं गं?"

मी अभिमानाने सांगितलं, "मुक्ताच्या दुधावरची साय आहे, बाई. तिच्यासाठी दूध वेगळं तापवतात ना, सगळ्यात घट्ट. आईने महिनाभर त्यावरची साय काढून ठेवली तुमच्यासाठी."

बाईंचा चमचा हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या बाईही हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

"तुमच्या घरात वाईट कुणीच नाही गं मंगल," त्या म्हणाल्या. "घरातलं चांगलं असेल ते मोठ्या माणसाला जातं, एवढंच. मी मोठी झाले म्हणून आता मला."

संध्याकाळी त्या डबा घेऊन मळ्यात आल्या. आईने डबा बघितला आणि ती दारातच ताठ झाली. "दिल्यालं परत घेत नसत्यात आमच्यात, बाई. काय कमी पडलं का?"

"परत देत नाही. खाल्लं मी त्यातलं. घरच्यासारखं तूप, नाव ठेवायला जागा नाही." बाईंनी अंगणात रांगणाऱ्या मुक्ताला उचललं. "पण आक्का, ही माझी कोण लागते?"

आई गोंधळली. "आता... तुमचीच म्हणायची."

"मग माझ्या नातीला मी काय द्यायचं ते मी ठरवणार. हे तूप माझ्याकडून तिला. रोज तिच्या मऊ भातात एक चमचा. आणि तिच्या दुधावरची साय कुणासाठीच काढायची नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही. देव आला तरी नाही."

आईच्या तेव्हा लक्षात आलं आपण काय केलं ते. तिने कपाळावर हात मारला. "आगं आई गं! पोरीच्या तोंडचंच काढलं की मी." आणि ती खाली बसली. बाई तिच्या शेजारी ओट्यावर बसल्या. मुक्ता दोघींच्या मध्ये. कोण कुणाचं सांत्वन करत होतं ते सांगता येत नाही, कारण बाईही रडत होत्या. मी त्यांना रडताना तेव्हाच बघितलं. वहिनी आतून दोघींसाठी चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. तिने आईला कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं.

मी पुढे शिकले. आहारतज्ज्ञ म्हणून एका रुग्णालयात लागले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, महिन्याचा पहिला पगारही माझाच, सरकारी नसला तरी. बाळंतिणींच्या वॉर्डात उभी राहिले की मी अजून आधी विचारते, काय शिजलं ते नव्हे, पोटात काय गेलं ते. नव्या डॉक्टर मुली हसतात. हसू देत.

बाई निवृत्त झाल्या आणि सटाण्याकडे भावाच्या गावी राहायला गेल्या. तब्येत उतरली होती. लुना कधीच विकली होती. दोन हजार चार-पाच साली डॉक्टरला दाखवायला नाशिकला आल्या तेव्हा मला कळवलं. परत जायच्या दिवशी मी आणि मुक्ता त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. मुक्ता दहा-अकराची असेल, शाळेच्या कबड्डीच्या संघात घेतलेली, गुडघे कायम फुटलेले. सटाण्याची गाडी लागली आणि जी झुंबड उडाली, तिच्यात बाईंना काही चढता येईना. मुक्ताने मला काही विचारलं नाही. मागच्या चाकावर पाय देऊन ती खिडकीतून आत गेली आणि एक सीट अडवून बसली. एक जाडा गृहस्थ तिच्यावर ओरडायला लागला. "ए पोरी, ऊठ, माझा रुमाल होता इथे!"

"रुमालाला जागा नसते, माणसाला असते," मुक्ता म्हणाली. "आजी येतायत माझ्या. तुम्ही आजी आहात का?"

सगळी गाडी हसली. बाई दारात दांडी धरून उभ्या होत्या. त्यांना धाप लागली होती, पण त्याही हसत होत्या. मुक्ताने त्यांना हाताला धरून सीटवर बसवलं, पिशवी वर ठेवली, खिडकीची काच ओढून दिली. बाईंनी तिचा दंड दोन बोटांत धरून दाबून पाहिला, बाजारात दुधी बघतात तसा. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

गाडी मागे वळून फाटकाबाहेर पडेपर्यंत मला खिडकीत त्यांचा चेहरा दिसत होता. मी हात हलवत होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुक्ताकडे बघत होत्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेल्याचं कळलं.

मुक्ता जगली. तिच्या पाठचा भाऊ जगला. वहिनी माहेरी गेली ती फक्त दिवाळीला आणि परत आली. त्यानंतर आमच्या घरात भावकीतल्या सुनांची बाळं झाली, माझी दोन झाली. त्यातलं एकही गेलं नाही.